वाचक विचारतात: टीमचे कपडे धुणाऱ्या कोचबाई

गेल्या अंकात कुणीतरी विचारलं होतं की कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात जास्त मॅच जिंकणारी बाई कोण, आणि मी घाईघाईत दोन ओळी खरडल्या, पॅट समिट, अमेरिकेतलं टेनेसी विद्यापीठ, १०९८ विजय, झालं. मला वाटलं विषय संपला. पण त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आले की क्रिकेटवरच्या अख्ख्या पानावर येत नाहीत, त्यातला एक तर माझी चूक काढणारा (त्याचंही उत्तर खाली आहे). म्हणून यावेळी सगळे प्रश्न एकाच बाईंवर. आणि हो, मी त्यांना "बाई"च म्हणणार आहे, आपल्याकडे शिकवणारीला बाईच म्हणतात.

प्रश्न: कॉलेजच्या टीमच्या हजार मॅच होतात तरी कशा? आमच्या कॉलेजची टीम झोनलला जायची, दोन मॅच, फार तर तीन, की बॅगा भरून परत. छापताना शून्य जास्त पडलं का? (वाचक, कोल्हापूर)

नाही हो, शून्य बरोबर आहे. तुम्ही जे सांगताय तेच माझंही कॉलेज, सहा बॉल, त्यातले दोन पंक्चर, आणि बॉलरूमची किल्ली शिपायाच्या कमरेला, तो जेवायला गेला की आमची प्रॅक्टिस रद्द.

तिकडचा मामला वेगळा आहे. ऑक्टोबरात प्रॅक्टिस सुरू, नोव्हेंबरात मॅच सुरू, जानेवारी-फेब्रुवारीत आपल्या गटातल्या विद्यापीठांशी, आणि मार्चमध्ये देशभरातून निवडलेल्या टीम्सची नॉकआउट स्पर्धा, हरलात की घरी. वरच्या डिव्हिजनमध्येच साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत. बाई ३८ सीझन एकाच विद्यापीठात कोच होत्या, १०९८ जिंकल्या, २०८ हरल्या, म्हणजे एकूण १३०६ मॅच, वर्षाला सरासरी चौतीस. एवढ्या मॅच आपल्याकडे एखादी पोरगी शाळा-कॉलेज सगळं धरून खेळत नसेल. आणि त्या ज्या हॉलमध्ये खेळायच्या तिथे वीस हजारांच्या वर माणसं बसतात, मुलींची मॅच बघायला, केशरी कपडे घालून. २००५ मध्ये त्या कोर्टलाच बाईंचं नाव दिलं.

प्रश्न: माझी मुलगी २१ वर्षांची आहे, युनिव्हर्सिटी खेळली आहे आणि आता म्हणते मला कोच व्हायचंय. हिचे बाबा म्हणतात शिट्टी फुंकून घर चालतं का. तुम्ही लिहिलेल्या त्या बाईंनी सुरुवातीला काय खाल्लं ते सांगा, म्हणजे मला घरात बोलता येईल. (एक आई, नाशिक)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, "हिचे बाबा" वगैरे सगळं ओळखीचं वाटलं. आधी बाईंचं सांगते.

१९७४ साल. बाई तेव्हा २२ वर्षांच्या, म्हणजे तुमच्या लेकीपेक्षा एक वर्षाने मोठ्या. शेतकऱ्याची पोर, तंबाखूचं शेत, गाई, तीन मोठे भाऊ, गवत साठवायच्या माळ्यावर वडिलांनी रिंग ठोकून दिलेली, तिथे संध्याकाळी भावांबरोबर दोन-विरुद्ध-दोन खेळायचं. हायस्कूलच्या वेळी ते राहायचे त्या भागात मुलींची टीमच नव्हती, तर वडिलांनी घर हलवलं, शेजारच्या परगण्यात, फक्त मुलीला खेळता यावं म्हणून. आणि हा माणूस काही लाड करणारा नव्हता, अत्यंत कडक. "हिच्या बाबांना" हे वाचून दाखवा.

तर बाई टेनेसीला एमए करायला आल्या, सोबत मुलींच्या टीमची असिस्टंट म्हणून जागा मिळाली होती, आणि त्या पोचायच्या आतच मुख्य कोच रजेवर गेली. जागा रिकामी. कुणाला तरी द्यायची म्हणून यांना दिली. त्याआधी आयुष्यात एक मॅच कोच केलेली नाही, टीममधल्या चार पोरी यांच्यापेक्षा एकेका वर्षाने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. तेव्हा डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने तो पगार तेव्हा झकास होता, पण तिकडे राहून खायचं म्हणजे ओढाताणच. त्याच पैशात पीटीचे तास घ्यायचे, स्वतःच्या मास्टर्सचा अभ्यास, आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता त्याचे व्यायाम, कारण स्वतःलाही ऑलिंपिक खेळायचं होतं. डॉक्टर म्हणाला होता खेळ विसरा. १९७६ ला माँट्रियलला खेळल्या, रौप्यपदक आणलं, कॅप्टनपैकी एक होत्या.

टीमचे कपडे बाई स्वतः घरी नेऊन धुवायच्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या टीमचा वास आठवला. बारा जर्सी, सगळ्या एकाच मापाच्या, मॅच झाली की एका गोणीत कोंबायच्या आणि पुढच्या मॅचला तशाच काढायच्या, मधे कुणी धुवायच्या हे ठरलेलंच नव्हतं, शेवटी आमच्यातल्या एकीच्या आईने वैतागून सगळ्या नेल्या आणि रंग एकमेकांत उतरवून आणल्या. त्या आईला कुणी कोच म्हटलं नाही. बाईंच्या टीमचे तर युनिफॉर्मही आदल्या वर्षी डोनट विकून घेतलेले. बाहेरगावच्या मॅचला व्हॅन चालवायची कुणी, तर कोचनेच. हॉटेलचे पैसे नसले की समोरच्या टीमच्याच जिममध्ये मॅटवर झोपायचं आणि सकाळी उठून त्यांच्याशीच खेळायचं. विद्यापीठाचा फुटबॉल आणि पुरुषांचा बास्केटबॉल तेव्हाही थाटात चालला होता बरं का, हे सगळं त्याच आवारात.

मग बदल कसा झाला? १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा आला, टायटल नाइन म्हणतात, ज्या शाळा-कॉलेजांना केंद्र सरकारचा पैसा मिळतो त्यांनी मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, खेळातसुद्धा. कायदा आला म्हणून दुसऱ्या दिवशी पैसे आले असं नाही, वर्षानुवर्षं भांडून, कोर्टात जाऊन आले. पण आले. मुलींना स्कॉलरशिप सुरू झाल्या, १९८२ पासून राष्ट्रीय स्पर्धा मोठ्या संघटनेकडे गेली, टीव्ही आला. आणि २००६ मध्ये याच बाई वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर पगार घेणाऱ्या महिला बास्केटबॉलमधल्या पहिल्या कोच झाल्या. ३२ वर्षं लागली, तेही खोटं नाही.

आता तुमच्या लेकीचं. सरळ सांगते, नुसती शिट्टी घेऊन उभं राहिलं तर घर चालत नाही, बाबांचं तेवढं बरोबर आहे. आपल्याकडे दोन वाटा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक, त्याला बीपीएड, एमपीएड ५५ टक्क्यांनी आणि वर नेट किंवा सेट, पगार प्राध्यापकासारखा पण काम निम्मं कागदांचं, एंट्री फॉर्म, ओळखपत्रं, टीए-डीएची बिलं. दुसरी, खरी कोचिंगची, त्याला पतियाळाच्या एनआयएसचा डिप्लोमा, मग सरकारी प्रशिक्षण केंद्रं किंवा खासगी अकादमी, मोठ्या शहरांतल्या इंटरनॅशनल शाळा, तिथे आता बऱ्यापैकी पैसे देतात. लेकीला विचारा तुला मॅच आवडते का प्रॅक्टिस आवडते. प्रॅक्टिस आवडत असेल तर कोच. तिकडे जायचं मनात असेल तर ग्रॅज्युएट असिस्टंट नावाची सोय असते, मास्टर्स करता करता टीमबरोबर काम करायचं, फी माफ किंवा कमी आणि वर थोडा खर्च. भारताची माजी कॅप्टन दिव्या सिंग अशीच डेलावेअर विद्यापीठात स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकायला गेली आणि तिथल्या मुलींच्या टीमबरोबर कोचिंगचं काम केलं. सुरुवातीला त्यात काय करायचं असतं? व्हिडिओ कापायचे, बॉल पुसायचे, पोरींना विमानतळावर सोडायचं. धुणं आता मशीन करतं एवढाच फरक.

प्रश्न: ताई, १०९८ हा आता रेकॉर्ड नाही! अभ्यास करून लिहीत जा. (वाचक, ह्यूस्टन)

बरोबर, चूक माझी. बाई २०१२ मध्ये थांबल्या तेव्हा तो सगळ्यात मोठा आकडा होता, पुरुषांच्या कोचेसना धरूनही. पुढे ड्यूक विद्यापीठाच्या पुरुष टीमचे कोच माइक शशेव्हस्की १२०२ पर्यंत गेले, स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडर्व्हियर यांनी २०२० च्या डिसेंबरात बाईंना मागे टाकलं आणि १२१६ वर थांबल्या, आणि कनेटिकटचे जीनो ऑरिएमा २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांच्याही पुढे गेले, ते अजून कोच आहेत, मोजत बसा. यात गंमत अशी की जीनो म्हणजे बाईंचा पक्का स्पर्धक, १९९५ पासून दोघांच्या टीमची दरवर्षी मॅच व्हायची आणि अख्खा देश बघायचा, २००७ नंतर बाईंनीच ती मालिका बंद करून टाकली. का ते त्यांनी कधी उघड फोड करून सांगितलं नाही. २२ मॅचपैकी १३ जीनोच्या, ९ बाईंच्या. आता ह्यूस्टनकर म्हणतील बघा तुमच्या बाई मागेच. असू द्या.

प्रश्न: अमेरिकेत कोच म्हणे खेळाडूच्या घरी जाऊन सोफ्यावर बसतात आणि आईवडिलांना पटवतात. म्हणजे मुलगी बघायला जातात तसं? माझा भाचा तिकडे असतो, तो सांगत होता, मला थापा वाटल्या. (वाचक, पुणे)

थापा नाहीत, आणि तुमची उपमा इतकी चपखल आहे की मी ती चोरणार आहे. फक्त इथे उलटं, बघायला येणारे पाहुणे घाबरलेले असतात आणि मुलगी ऐटीत. तिकडे याला रिक्रूटिंग म्हणतात आणि कोचचं निम्मं करियर यातच जातं. हायस्कूलची चांगली पोरगी असली की तिच्याकडे वीस-पंचवीस कॉलेजांची पत्रं, फोन, मग शेवटी घरी भेट. कधी फोन करायचा, कधी भेटायचं, किती वेळा, याचे जाडजूड नियम असतात आणि ते मोडले तर विद्यापीठावर कारवाई होते. पोह्यांऐवजी तिथे काय ठेवतात मला माहीत नाही.

बाईंचा एक किस्सा तर तिकडे दंतकथेसारखा सांगतात, पण तो खरा आहे. सप्टेंबर १९९०. बाईंचे दिवस भरत आले होते. आधी अनेकदा गर्भपात झालेले, त्यामुळे हे मूल किती जपलेलं असेल विचार करा. आणि पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियाक नावाची पोरगी, देशातल्या सगळ्यात चांगल्या पॉइंट गार्डपैकी (बॉल पुढे नेऊन टीमचा खेळ चालवणारी) एक, तिच्या घरची भेट ठरलेली. बाई विद्यापीठाच्या छोट्या विमानाने निघाल्या. कळा सुरू झाल्या. आपण काय केलं असतं? दवाखाना. बाईंनी काय केलं, त्या घरी गेल्या, सोफ्यावर बसल्या, आपल्या कॉलेजची सगळी माहिती सांगितली, मधे उठून बाथरूममध्ये जाऊन आल्या, परत बसल्या. सोबतची असिस्टंट घामाघूम. घरातल्या लोकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचीच धावपळ सुरू झाली.

मग परतीचं विमान. कळा वाढल्या, पायलट म्हणाला व्हर्जिनियात उतरवतो. बाई म्हणाल्या अजिबात नाही. कारण त्याच वर्षी मार्चमध्ये व्हर्जिनियाच्या टीमने त्यांना हरवून स्पर्धेबाहेर काढलं होतं, आणि त्या वर्षीची फायनल बाईंच्याच गावात होती, म्हणजे घरच्या मांडवात दुसऱ्यांचं लग्न. माझं पोर त्या राज्यात जन्माला येणार नाही! विमान थेट नॉक्सव्हिलला, म्हणजे बाईंच्या विद्यापीठाच्या गावाला गेलं, मुलगा टायलर तिथेच जन्मला. मला स्वतःला हा किस्सा ऐकताना हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते, पोटात बाळ असताना एवढं कशासाठी. पण सांगणारे सगळे हसूनच सांगतात, बाईसुद्धा तशाच सांगायच्या.

आणि एवढं करून त्या पोरीने नाव घातलं दुसऱ्याच कॉलेजात! नोत्र दामला गेली. तिथे वर्षभर काढलं, मग बदली घेऊन बाईंकडे आली, आणि १९९६ मध्ये टेनेसी चॅम्पियन झाली तेव्हा फायनल फोरची, म्हणजे शेवटच्या चार टीम्सच्या टप्प्याची, सर्वोत्कृष्ट खेळाडू तीच.

प्रश्न: मी तीस वर्षं पीटी शिकवतो. तुमच्या या कोच फार कडक होत्या असं ऐकलं. आज मी पोराला एक ग्राउंड जास्त मारायला लावलं तर संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर माझा फोटो असतो. तिथे चालायचं कसं? (शिक्षक, अहिल्यानगर)

सर, नमस्कार. कडक होत्याच. त्यांच्या नजरेची तिकडे इतकी चर्चा व्हायची की नुसतं "द स्टेअर" म्हटलं की लोकांना कळायचं कुणाची. निळे डोळे, ओरडायच्या सुद्धा, पण पोरी सांगतात ओरडणं परवडलं, ते बघणं नको. प्रॅक्टिसला मुलींसमोर कॉलेजची मुलं उभी करायच्या, उंच, ताकदवान, म्हणजे मॅचमध्ये मुलींशी खेळताना सोपं जावं. डिफेन्स आणि रिबाउंड (रिंगवरून उडालेला बॉल पकडणं), रिबाउंड आणि डिफेन्स, बास्केट घालणारीला टाळ्या आणि बॉलमागे पडणारीला बाईंची शाबासकी.

पण सर, तुमच्या प्रश्नात जे दुखणं आहे त्याचं उत्तर मला ग्राउंडवर नाही, वर्गात सापडलं. बाईंचा नियम होता, लेक्चरला पहिल्या तीन बाकांत बसायचं. मागे नाही. आणि लेक्चर बुडवायचं नाही, बुडवलं तर मॅच नाही, मग तू कितीही मोठी स्टार अस. म्हणजे कडकपणा फक्त स्वतःच्या टीमला जिंकवायला नव्हता, पोरीच्या घरच्यांना दिसायचं की हिच्याकडे सोपवली तर ही डिग्री घेऊन येईल. टेनेसीत खेळायची मुदत पूर्ण केलेली त्यांची एकूण एक खेळाडू पदवीधर झाली. एकूण एक! ३८ वर्षांत! मला विचाराल तर बाईंचा हा आकडा १०९८ पेक्षा मोठा आहे, आणि याचं रेकॉर्ड कुणी मोडूच शकत नाही, फार तर बरोबरी करील.

आपल्याकडे उलट आहे बघा. खेळाडू म्हटला की हजेरी माफ, ग्रेस मार्क द्या, आणि सर्टिफिकेट जपून ठेवा नोकरीच्या पाच टक्के आरक्षणासाठी. ग्रेस मार्कांना माझा विरोध नाही, मी स्वतः घेतलेत. पण आमच्या सरांनी (नाव नको, आता नाहीत ते) चार वर्षांत एकदाही विचारलं नाही की तुझा अकाउंट्सचा पेपर कसा गेला. चार वर्षांत एकदाही. गेला होता वाईट, एटीकेटी लागली होती.

सगळंच छान होतं असं मात्र नाही. काही पोरींना हे झेपलं नाही, काही सोडून गेल्या, आणि बाईंच्या काही शिक्षा आज ऐकल्या तर मलाही जड वाटतात, आज तशा कुणी देऊ नयेत. फोटो येईल ग्रुपवर, आणि येऊ दे.

प्रश्न: एवढी मोठी कोच, मग मुलांच्या टीमची कोच का नाही झाली? घेतलं नाही का? (विद्यार्थिनी, मडगाव)

विचारणा झाली होती, टेनेसीच्याच पुरुष टीमसाठी, एकदा नाही दोनदा. बाई नाही म्हणाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, तिकडे जाण्याला तुम्ही बढती का समजता?

पण तुझ्या प्रश्नाची दुसरी बाजू मला जास्त खुपते. १९७२ च्या आसपास, कायदा आला तेव्हा, अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या टीम्सना शिकवणाऱ्या नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. कारण पैसे नव्हते, धुणं होतं. पगार वाढले, विमानं आली, टीव्ही आला, आणि हळूहळू त्या जागांवर पुरुष आले, आता निम्म्याहून कमी बायका उरल्यात. पुरुषांनी येऊ नये असं नाही, जीनोसारखा माणूस आला आणि खेळ वर गेला हेही खरंच. पण मुलांच्या टीमवर बाई कोच किती? बोटं पुरतात. दार एकाच बाजूने उघडतं. बाईंनी मात्र आपल्या पोरींना कोच बनवायचा सपाटाच लावला होता, ढिगाने आहेत त्यांच्या हाताखालच्या, कारा लॉसन आज ड्यूकची कोच आहे आणि २०२८ च्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या मुलींची टीम तिच्याकडेच आहे.

आपल्याकडेही शिरीन लिमयेसारखी पुण्याची पोरगी भारताची कॅप्टन झाली. या पोरी खेळून झाल्यावर कोचिंगमध्ये राहतात का निघून जातात, ते बघत राहायला हवं. तू खेळतेस का? पत्रात लिहिलं नाहीस.

प्रश्न: माझ्या वडिलांना विस्मरणाचा आजार आहे, ते निवृत्त शिक्षक. त्यांचे जुने विद्यार्थी भेटायला आले की आम्ही घरचे लोक टाळतो, त्यांना बरं नाही सांगतो. तुमच्या त्या कोचना हाच आजार झाला होता असं वाचलं. त्यांनी काय केलं? (वाचक, ठाणे)

हो. २०११ च्या ऑगस्टमध्ये बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, वय ५९, अल्झायमरच्या प्रकारातला लवकर येणारा डिमेन्शिया. आदल्या सीझनमध्येच त्यांना कळत होतं काहीतरी चुकतंय, ज्या चाली झोपेत आखून दिल्या असत्या त्या ऐन वेळी आठवेनात. लपवता आलं असतं, काही काळ तरी, असिस्टंट सगळ्या जुन्या, विश्वासातल्या. नाही लपवलं.

आणि त्या लगेच घरी बसल्या नाहीत. एक सीझन आणखी केला. टाइमआउटमध्ये आता हॉली वॉरलिक जास्त बोलायची, रेफरीशी भांडायला तीच उठायची, बाई शेजारी बसलेल्या, कधी एकदम एखादी सूचना, कधी नुसतं बघणं. हॉली म्हणजे बाईंच्याच हाताखाली सत्तरच्या दशकात खेळलेली आणि मग २७ वर्षं असिस्टंट. त्या सीझनला समोरच्या टीमचे लोकसुद्धा बाईंच्या नावाचे टी-शर्ट घालून यायचे. २७ जिंकल्या, ९ हरल्या, मार्चमध्ये बेलर विद्यापीठाकडून हरून स्पर्धा संपली. एप्रिल २०१२ मध्ये बाई पायउतार झाल्या आणि सगळ्यांसमोर आपल्या हाताने हॉलीला शिट्टी दिली. हॉली रडली. पुढे २०१६ च्या जूनमध्ये गेल्या, ६४ व्या वर्षी.

तुमच्या वडिलांबद्दल मी कोण सांगणार, डॉक्टर आणि तुम्ही घरचे जास्त जाणता, दिवस कसे जातात ते बाहेरच्याला कळत नाही. पण बाईंकडे शेवटपर्यंत जुन्या खेळाडू येत होत्या, येऊन बसायच्या, बाईंना नाव आठवो न आठवो. एखाद्या विद्यार्थ्याला एकदा आत येऊ द्या, दहा मिनिटं, सकाळची वेळ बघून. जमलं नाही तर दार आहेच.

प्रश्न: त्या कधी हरल्या का? आम्ही तालुक्याला पहिलीच मॅच हरलो, ३० विरुद्ध ४. (सातवीतली वाचक, चिपळूण)

अगं, २०८ वेळा! पहिलीच मॅच हरल्या, डिसेंबर १९७४, मर्सर नावाच्या कॉलेजविरुद्ध, ८४-८३, एका पॉइंटने. मग पहिला विजय मिळायला महिनाभर थांबावं लागलं. आणि ऐक, १९९७ ला त्यांची टीम सीझनमध्ये तब्बल १० मॅच हरली, लोकांनी आशा सोडली होती, आणि चॅम्पियन तीच झाली. पुढच्या वर्षी ३९ मॅच खेळल्या, ३९ जिंकल्या. त्याच्या पुढच्या वर्षी सगळे म्हणाले आता चौथं लागोपाठ विजेतेपद, तर ड्यूककडून हरल्या, त्यांच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचे, शमीक होल्ड्सक्लॉचे, १८ शॉटपैकी २ च आत गेले. तुझ्यासारखंच की. एकूण आठ वेळा चॅम्पियन, आणि २००९ मध्ये तर पहिल्याच फेरीत बाहेर, बॉल स्टेट नावाच्या कॉलेजकडून, ज्यांची मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेतली ती आजवरची पहिलीच मॅच होती.

३०-४ मध्ये ते चार कुणी घातले ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे तूच घातले असणार. पुढच्या पत्रात कळव, आणि शाळेच्या रिंगला जाळी आहे का तेही. नसेल तर पत्त्यासकट लिही, आमच्याकडे एक पडून आहे.